बराबर

रायभानला आता एकच शब्द येत होता, आणि तोही त्याचा स्वतःचा नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी तो झोपेतून जागा झाला, तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं अशी तिन्ही त्याला एकदमच सोडून गेली होती. हातपाय निदान जागेवर पडलेले दिसत तरी होते. बोलण्याचा पत्ताच नव्हता. जालन्याच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी त्यातला एक शब्द परत आला. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कसं वाटतंय?" आणि रायभान म्हणाला, "बराबर." थोरल्या मुलानं, ओमप्रकाशनं, आनंदानं अर्धा किलो पेढे आणून वॉर्डभर वाटले. मग नर्सनं विचारलं, दुखतंय का, तेव्हाही बराबर. पाणी पाहिजे का, बराबर. गाव कोणतं, बराबर. संध्याकाळपर्यंत पेढ्यांची चव उतरली.

डॉक्टरांनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, तिथंच बोलण्याचं ठाणं असतं, याला वाचाघात म्हणतात. माणसाला कळतं, पण तोंडातून भलतंच निघतं किंवा काहीच निघत नाही. माना डोलावून सगळ्यांनी ऐकलं. पण असलं काही ध्यानात ठेवायचं म्हणजे कष्ट असतात. महिनाभर सगळ्यांनी ते कष्ट घेतले, मग ज्याला जेव्हा सोयीचं असेल तेव्हा रायभानचं बराबर हे बराबरच धरलं जाऊ लागलं.

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? ज्याच्यासमोर बोलायचं तर पिंपळगाव रेणुकाईत लोक आधी घसा खाकरून घ्यायचे, त्या रायभानच्या! तरुणपणी मेंढरांमागं हिंडताना दोन टेकड्यांच्या पलीकडून हाक ओळखू यावी असा आवाज. पुढं मेंढरं गेली, विहीर झाली, मोसंबी लागली, पण आवाज तोच. बांधाची भांडणं, सोयरिकी, भावाभावांच्या वाटण्या, सगळीकडं याला बोलावणं. समोरच्याचं पुरतं ऐकून न घेता निकाल देण्यात त्याचा हातखंडा होता. आणि कुणाचं म्हणणं पटलं असं तर त्यानं उभ्या आयुष्यात कबूल केलं नव्हतं.

आज रविवार होता. हुरड्याचं निमित्त काढून सगळी जमली होती. जालन्याहून ओमप्रकाश आणि त्याची लेक प्रांजली, अंकुशनगरहून धाकटा संपत, आणि गल्लीतच दिलेली रायभानची बहीण दुर्गाबाई. सुना आल्या नव्हत्या, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होणार होतं. घरामागं आगटी पेटली होती, कोवळ्या कणसांचा वास पडवीपर्यंत येत होता. रायभान पडवीत हाताच्या खुर्चीत होता, उजव्या बाजूला कलू नये म्हणून काखेत उशी दाबलेली. दरसाल पहिलं कणीस त्याच्या हातात येत असे. यंदा ताट त्याच्यासमोरून गेलं आणि पुढं सरकलं. त्याला गिळताना ठसका लागायचा. डॉक्टरांनी दाणेदार काही देऊ नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा कुणी चूक केली नव्हती. तरी ताट पुढं गेल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता असं उठसूट पाणी यायचं, तेही त्याला न विचारता.

त्याच्या बायकोनं, जयवंताबाईनं, ते पदरानं टिपलं आणि ती पुन्हा भिंतीला टेकून बसली. दोन महिने ती हेच करत होती. टिपणं, पुसणं, कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, वाटीतली पातळ पेज चमच्या-चमच्यानं भरवणं. हात मायेनं चालायचे, पण ती बोलत नव्हती. लागेल तेवढंच बोले, "हात वर करा", "तोंड उघडा", आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळी. मेंढरांमागं सहा-सहा महिने रानात काढले तेव्हा रायभानला कधी एकटं वाटलं नव्हतं. कुत्र्याशी बोल, मेंढीला शिव्या घाल, ढगांशी भांड, असं त्याचं चालायचं. आता घर माणसांनी भरलं होतं आणि त्याला इतकं एकटं वाटत होतं की कधी कधी झोप लागली तर उठूच नये असं मनात येई.

"मी सरळच बोलतो," ओमप्रकाश म्हणाला. तो जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत होता आणि सरळ बोलतो असं सांगूनच बोलायची त्याला सवय होती. "आबांना इथं ठेवून जमून नाही राह्यलं. भोकरदनचा व्यायामवाला आठवड्यातून दोनदा येतो, तोबी आला तं आला. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दवाखाना हाये. रोज नेता येईल. डॉक्टरांनी साफ सांगतलं, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत यायचं तेवढं येतं, नंतर लई हळू. दोन महिने तं आपण असेच घालवले."

"न्या ना मंग," संपत म्हणाला. "कोण न्हाई म्हणून राह्यलं? पण आईचं काय?"

"माझ्या दोन खोल्या. एकीत आबांची खाट. आई तुझ्याकडं. कारखान्याचं क्वार्टर तुझं ऐसपैस हाये."

"आईला मी आजच नेतो. पण दोघांना येगळं करायचं, दादा? पंचेचाळीस वर्षांनी?"

"येगळेच बरे!" दुर्गाबाई मध्येच म्हणाली. तिच्या दोन तळहातांत गरम कणीस होतं आणि ती ते असं चोळत होती की दाण्यांनीच काही गुन्हा केला असावा. "माझ्या भावाला आता हिच्या हाती द्यायचं न्हाई. म्या डोळ्यानं पाह्यलं हाये. तो गुरुवार झाला, त्याच्या आधीचा मंगळवार. मी दही न्यायला आल्ते. दादाचं तोंड असं वाकडं, चहा ओठातून गळू राह्यलेला. म्हणलं, वहिनी, काय झालं? तं म्हणली, दाढ दुखू राह्यली. दाढ!"

दाढेची गोष्ट आता घरात सगळ्यांना पाठ झाली होती.

"डॉक्टर काय म्हणले व्हते?" दुर्गाबाईनं ओमप्रकाशकडं पाहिलं. "सांग ना पुन्हा."

"जाऊ दे आत्या."

"कामून जाऊ दे? म्हणले का न्हाई, का मंगळवारचा तो इशारा व्हता? तवाच आणलं असतं, रक्त पातळ करायची गोळी चालू केली असती, तं हे बहुतेक टळलं असतं?"

"म्हणले," ओमप्रकाश म्हणाला. "आन गुरुवारी झोपेत कवा झालं तेच कळंना, म्हणून ते गुठळी इरघळायचं इंजेक्शनबी देता आलं न्हाई. साडेचार तासांच्या आत लागतं ते." त्यानं आईकडं पाहिलं नाही. पाहिलं नाही हे सगळ्यांना दिसलं.

संपत आईच्या बाजूचा. लहानपणापासून तिच्या पदराचा. पण तोही आता खाली मान घालून म्हणाला, "आई, एक फोन करायचा व्हता गं. म्या रातोरात आलो असतो. लपवलं कामून एवढं तरी सांग."

जयवंताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. हा प्रश्न तिला दवाखान्यात विचारला होता, घरी विचारला होता, भेटायला आलेल्या सोयऱ्यांनीही विचारला होता. दर वेळी तिचं हे असंच.

अरे तिला नका विचारू, मला विचारा! हे वाक्य रायभानच्या डोक्यात लख्ख होतं, शब्दाला शब्द लागून उभं होतं. फक्त घशापर्यंत येताना त्याचा चुरा होत होता. त्यानं डावा हात उचलून खुर्चीवर आपटला.

"पाहा, त्यांनाबी राग हाये," दुर्गाबाई म्हणाली.

ओमप्रकाश खुर्चीजवळ आला, वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "आबा, तुमीच सांगा. आईचं चुकलं का न्हाई?"

रायभाननं मान हलवायचा प्रयत्न केला. पण मानही आता त्याचं ऐकत नव्हती. नाही म्हणायला जावं तर ती होय म्हणून बसे. आणि तोंड उघडलं गेलं, आणि त्यातून निघालं, स्पष्ट, खणखणीत, जुन्या रायभानच्या आवाजात:

"बराबर."

दुर्गाबाईनं सुस्कारा सोडला. जयवंताबाई उठली. तिनं चहाचे कप एकात एक घातले, आत गेली. थोड्या वेळानं आतून पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती लुगडी काढत होती.

मंगळवारी काय झालं ते दोनच माणसांना माहीत होतं. त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरी बोलणार नव्हती.

सकाळचा दुसरा चहा होता. कप रायभानच्या हातातून आपोआप सुटला. तो शिवी द्यायला गेला तर तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला. जयवंता धावत आली. त्याच गोंधळात दुर्गी दही न्यायला टपकली, आणि त्यानं डोळे वटारून बायकोला खुणावलं, हिला घालव. म्हणून ती दाढ. पाव तासानं सगळं जागेवर आलं, जीभही आली. जयवंताच्या हातात फोन होता. "ओमला बोलावते," ती म्हणाली.

जीभ परत आल्यावर तिचा पहिला उपयोग रायभाननं काय केला? "खबरदार!" असं तो ओरडला. लकवा मारलेला म्हणून एकदा नाव झालं की चार माणसांत कोण विचारतो? पोरं जालन्याला नेऊन खाटेवर घालतील, गोळ्या चारतील. गोळ्यांवरून तर त्याचं वेगळंच पाप होतं. रक्तदाबाची गोळी तो रोज बायकोदेखत तोंडात टाकायचा आणि गोठ्यामागं जाऊन थुंकायचा. काही दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाची? हे जयवंतालाही माहीत नव्हतं.

तिच्या हातातून त्यानं फोन काढून घेतला, तोच हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची आण हाये तुला. ह्यातलं कुणाला काही सांगायचं न्हाई. आन मी सांगू नको म्हणलो, हेबी सांगायचं न्हाई. सांगतलं तं मी मेलो समज."

ती म्हणाली, "बराबर."

हाच तो शब्द. पंचेचाळीस वर्षं त्यानं काहीही म्हटलं की ती हेच म्हणत आली होती. या पोराची सोयरीक करायची न्हाई. बराबर. ती गाय विकून टाकू. बराबर. तू माहेरी पुढल्या साली जा. बराबर. गडी खुशीत असायचा, बायको शहाणी मिळाली म्हणून चारचौघांत सांगायचा. आणि गुठळीनं त्याचे सगळे शब्द धुऊन नेले तेव्हा त्याच्या हाती हा एकच ठेवला, तिचा. दोन महिने तो स्वतः हा शब्द वापरत होता. पाणी नको असताना, कूस दुखत असताना, आत सगळं नाही नाही म्हणून ओरडत असताना तोंडानं बराबर. आता पडवीत बसल्या बसल्या त्याला एकदम विचार पडला, की तिच्या त्या पंचेचाळीस वर्षांतली किती बराबर अशीच होती? या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. उजव्या बाजूला आला की नाही ते त्याला कळलं नाही.

"आबा, हात सैल सोडा." प्रांजली खाली बसून त्याची उजवी बोटं एकेक करून उलगडत होती. ती संभाजीनगरला फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीला आली की आजोबांना सोडत नव्हती. "मला माहितीये, तुम्हाला सगळं कळतं. पण हो कुठलं आणि नाही कुठलं हे मी कसं ओळखू? मानेनं सांगा म्हटलं तर मानेची पण गडबड. डोळे मिटून दाखवा म्हटलं तर उघडेच. काहीतरी सापडायला पाहिजे आबा."

"बराबर," रायभान म्हणाला. यावेळी ते खरंच बराबर होतं, पण तिला ते कळायचा मार्ग नव्हता.

अंगणात संपतनं आईची पिशवी आणून ठेवली. ओमप्रकाशनं ठरवून आणलेली गाडी दाराशी लावली, मागची सीट आडवी केली. दोघांना आजच हलवायचं, दोन बाजूंना, म्हणजे पुन्हा रडारड नको, असं भावांचं आपसांत ठरलेलं दिसत होतं. दुर्गाबाई रायभानचे कपडे घडी करू लागली. एवढ्या वाटण्या केल्या त्यानं गावात. कुणाला विहिरीची पाळी, कुणाला आंब्याचं झाड. आई-बाप वाटून घेतलेली घरंही त्यानं पाहिली होती, आणि त्यातल्या एका घरात तर तो निकाल त्यानंच दिला होता. त्या म्हातारीनं तेव्हा त्याला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. त्यानं पुरतं ऐकून घेतलं नव्हतं.

जयवंताबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चप्पल घातलेली होती.

"आबा, चला," ओमप्रकाश म्हणाला. त्याला आता हे उरकायचं होतं. "आपल्याला जालन्याला जायचं. आई संपतकडं जाऊन राह्यली. चालंल ना?"

तो शब्द निघाला. रायभानला कळलं, तो पोटातून सुटला, छातीत आला, आता तोंडात येणार आणि जयवंता जाणार. पूर्वी रात्री लांडगा मेंढरांच्या वाड्याभोवती फिरायला लागला की ओरडणाऱ्या कोकराचं तोंड तो मुठीत दाबून धरायचा. त्यानं डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड तसंच दाबून धरलं.

आत शब्द धडपडला. त्यानं सोडला नाही.

"काय झालं? मळमळतंय का?" ओमप्रकाश घाबरला. "आई, तसराळं आण!"

"ठसका आला असंल," दुर्गाबाई म्हणाली.

"थांबा." प्रांजली गुडघ्यांवरच पुढं सरकली. "पप्पा, थांबा, कुणी बोलू नका. आबा, हात काढा. बरं. तुमचं नाव संपत आहे का?"

रायभाननं पटकन हात तोंडावर नेला.

"तुमचं नाव रायभान?"

हात खाली. "बराबर."

प्रांजलीच्या डोळ्यांत चमक आली. "हा रस्ता गोदावरीत जातो का?" हात वर. "आपल्या मळ्यात मोसंबी आहे?" "बराबर." "आत्याआजी कमी बोलते?"

रायभाननं दोन्ही ओठ गच्च मिटून त्यावर असा हात दाबला की संपतला हसू फुटलं. दोन महिन्यांत या पडवीत कुणी हसलं नव्हतं. दुर्गाबाईही हसली, मग तिला राग आला.

"त्यांना नाही म्हणता येत नाही," प्रांजली म्हणाली. "पण गप्प बसता येतं. गप्प म्हणजे नाही. आबा, आजीला संपतकाकांकडं पाठवायचं?"

हात वर.

"मघाशी पप्पांनी विचारलं, आजीचं चुकलं का. चुकलं का?"

हात वर. बोटं गालात रुतली होती.

"मंग कुणाचं चुकलं?" ओमप्रकाश म्हणाला.

आणि रायभान नुसता बघत राहिला. कुणाचं, या प्रश्नाला हातही पुरेना आणि शब्दही. हो-नाहीत बसेल असा प्रश्न पाहिजे होता, आणि तो कुणाला सुचणार? मंगळवारचं ज्याला माहीत नाही, त्याला काय विचारायचं तेही माहीत नसणार. प्रांजलीनं विचारून पाहिलं, आत्याआजीचं का, डॉक्टरांचं का, पप्पांचं का. हात वर, हात वर, हात वर. त्याचा डावा खांदा दुखायला लागला. डोळे पुन्हा वाहायला लागले. यावेळी मात्र पाणी त्याला विचारून आलं होतं. त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं.

जयवंताबाई उंबऱ्यातून खाली उतरली. चप्पल काढली. पोरांना बाजूला सारून खुर्चीसमोर खाली बसली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग तिनं हात पुढं केला आणि त्याच्या गळ्यावर ठेवला. त्याच जागी.

"सुटली का?" ती म्हणाली.

घातलेली आण ज्यानं घातली त्यानंच सोडायची असते. त्याला तोंडानं सुटली म्हणावं लागतं, नाहीतर मोडणारीच्या हातून तो मेलाच म्हणून समजायचं. हे पडवीतल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत होतं. दुर्गाबाईच्या हातातला सदरा तसाच राहिला.

रायभाननं हात खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर होते, एक जिवंत, एक नावाला.

"बराबर," तो म्हणाला.

"नीट सांगा. माझ्या हातून काही बरंवाईट नको. सुटली?"

"बराबर. बराबर. बराबर."

तिनं हात काढून घेतला आणि पोरांकडं न वळताच बोलायला लागली. मोठ्यानं नाही. कप कसा पडला, दुर्गाबाई कशी आली, फोन कसा हातातून घेतला, आण कशी घातली आणि तिच्यात दुसरी आण कशी गुंतवली. "बुधवारी रातभर जागी व्हते. श्वास पाहत व्हते ह्यांचा. पहाटं जरा डोळा लागला माझा, तवाच झालं. म्या सांगतलं असतं तं हे मेले असते. न्हाई सांगतलं तं असे झाले. कोणतं करायचं व्हतं म्या?"

ओमप्रकाश पायरीवर बसला. "आबा, हे खरं हाये?"

"बराबर."

यावेळी तो शब्द सगळ्यांनी ऐकला. संपत आईजवळ आला आणि तिच्या पायाशी वाकला. दुर्गाबाईनं सदरा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "मला तरी सांगायचं व्हतं वहिनी," ती पुटपुटली, आणि आपण काय बोललो ते कळून गप्प बसली.

"मंग आता कसं करायचं?" ओमप्रकाशनं सवयीनं वडिलांकडं पाहिलं.

"पप्पा, आजीला विचारा ना," प्रांजली म्हणाली. "तिला कुणी विचारलंच नाही."

जयवंताबाईलाही ते नवीन होतं. "जालन्याला जायलाच पाह्यजे," ती म्हणाली. "व्यायाम लागतो त्यांना. पण मी संगं असंल. तुह्या घरात जागा नसंल तं त्या दवाखान्यापाशी एक खोली पाह. चूल मी पाहीन. आज कुणी कुठं जाऊन नाही राह्यलं. गाडी परत पाठव."

गाडी रिकामी परत गेली. ऊन उतरल्यावर दुर्गाबाई घरी गेली, भाऊ मोसंबीकडं फिरायला गेले, आणि प्रांजली आगटीच्या राखेत उरलेली कणसं शोधत बसली. आता घर शांत होतं. जयवंताबाईनं कोवळे दाणे खलबत्त्यात कुटले, दुधात कालवून पार मऊ केले, गाळून घेतले आणि वाटी घेऊन त्याच्यासमोर बसली.

"हनुवटी खाली घ्या. घोट घोट."

हुरड्याची चव लागली. धुराची, कोवळी, गोडसर. रायभाननं गिळलं. ठसका आला नाही. त्याला तिला पुष्कळ सांगायचं होतं. गोठ्यामागच्या गोळ्या सांगायच्या होत्या. तिनं न बोलता वाहिलेले दोन महिने, आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं, यांचं काय करायचं ते विचारायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. चुकलो हा शब्द त्याला आत अगदी समोर दिसत होता, तीन अक्षरं. त्यानं तोंड उघडलं.

"बराबर," तो म्हणाला.

चमचा वाटीतच राहिला. जयवंताबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बराबर न्हाई. बिलकुल बराबर न्हाई झालं हे."

उभ्या जन्मात तिच्या तोंडून तो हे पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं डावा हात उचलला आणि तोंडावर ठेवला, आणि ती पुढं काय म्हणते ते ऐकायला थांबला.